मॉर्टिस कोणाचं

अफिया बिरागो ही बाई वाईट आहे असं कुणी मला दाखवून दिलं, तर त्याला मी कुमासीतल्या सगळ्यात चांगल्या खानावळीत नेऊन फुफू आणि बोकडाचा रस्सा पोटभर खिलवीन. सात वर्षं मी असा माणूस शोधतोय. एक भेटत नाही! जो तो तिचं कौतुक करतो, आणि ते ऐकायला देवाने कान नेमके मला दिलेत.

मी क्वाकु अनाने. इथल्या तंत्रनिकेतनात संगणक शिकवतो. ते पोटासाठी. जिवासाठी मी दुसरंच काम करतो, आणि त्याचा एक पैसा मिळत नाही. एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे, कुण्या कंपनीच्या मालकीची नाही. जगभरातली हजारेक माणसं आपापली नोकरी-धंदा सांभाळून ती फुकट चालवतात. प्रत्येकाच्या नावावर काही पॅकेजं असतात. पॅकेज म्हणजे बाहेरच्या कुणी लिहिलेला एखादा प्रोग्राम. तो आपण घ्यायचा, तपासायचा, आपल्या सिस्टीमला नीट बसवायचा, त्यात भोक निघालं तर बुजवायचं, आणि आपल्या सहीने भांडारात चढवायचा. सही शाईची नाही, गुप्त किल्लीची. त्या सहीवर विश्वास ठेवून लाखो लोक तो प्रोग्राम डोळे मिटून आपल्या मशीनवर घेतात.

माझ्याकडे कुलूपकिल्लीची पॅकेजं. त्यातलं माझं लाडकं म्हणजे मॉर्टिस. फाइलीला परवलीचा शब्द लावून बंद करणारा छोटासा प्रोग्राम, बाराशे ओळींचा. अकरा वर्षं मी तो सांभाळला. त्याच्या माहितीत ओळ होती, ‘सांभाळणारा: क्वाकु अनाने, कुमासी’. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा माझं नाव इतकं छान दिसलं नव्हतं.

आणि देशात पहिला मी! या मंडळीत शिरायचं तर नुसता अर्ज चालत नाही. आधीच्या दोघा सभासदांना समोरासमोर भेटायचं, पासपोर्ट दाखवायचा, आपल्या किल्लीचा ठसा, म्हणजे चाळीस अक्षर-आकडे, मोठ्याने वाचायचे. समोरच्याने ते आपल्या कागदाशी ताडून बघायचे, आणि मग तिच्यावर सही करायची, की होय, ही किल्ली याच माणसाची. पहिली चार वर्षं घानात असा सही करणारा मी एकटा होतो. आक्रापासून तामालेपर्यंत कुणालाही आत यायचं तर माझ्या दारात यावं लागायचं. आता खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

त्या दारात एक दिवस अफिया आली. मुलींच्या शाळेत संगणकाच्या खोलीची देखभाल करणारी आणि तासही घेणारी, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, उंच, हळू बोलणारी. तिची आई सुआमे मॅगझिन या गॅरेजांच्या वस्तीत जुने नटबोल्ट विकते. अर्ध्या पश्चिम आफ्रिकेतल्या मोडक्या गाड्या जिथे येऊन पडतात, तिथे या पोरीचं बालपण आट्यांवरून बोल्ट निवडण्यात गेलेलं. हातात एक बोल्ट दिला की ती डोळे न उघडता सांगायची, हा कुठल्या नटात बसेल. हे तिने मला सांगितलं नाही, पुढे तिच्या आईने सांगितलं. अफिया स्वतःबद्दल काही सांगतच नाही. हाही तिचा एक गर्वच आहे, असं माझं मत.

“पासपोर्ट?” मी म्हणालो.

तिने ठेवला. कोरा करकरीत, एकही शिक्का नाही. केवळ या कामासाठी काढलेला.

“वाच.”

तिने चाळीसच्या चाळीस अक्षरं वाचली. मी म्हणालो, “पुन्हा.” तिने पुन्हा वाचली. कागदाकडे न बघता.

“पाठ केलीस?”

“सर, आपली किल्ली आपल्याला पाठ नको?”

माझी मला पाठ नव्हती. आजही नाही. मी खाकरलो आणि सही केली. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला, पोकुआला, सांगितलंसुद्धा, “एक हिरा सापडला गं.” हे मीच म्हटलेलं. कुणी माझ्या तोंडात कोंबलेलं नाही.

दुसरी सही तिला मिळाली ओदिलकडून. ओदिल बेल्जियमची, आमच्या सुरक्षा पथकाची मुख्य. ती आक्राला एका परिषदेला आलेली, तिला गाठायला अफिया सकाळच्या बसने गेली आणि आली. मग सुरू झालं. कुणी टाकून दिलेली तीन पॅकेजं तिने घेतली. प्रमाणपत्रं तपासणारं एक, किल्ल्या साठवणारं एक, आणि एक इतकं किचकट की त्याला हात लावायला लोक घाबरत. तिनाची सहा झाली, सहाची अकरा. मुली परीक्षेला बसल्या की ही मागच्या बाकावर बसून नव्या आवृत्तीच्या बदललेल्या ओळी कागदावर छापून लाल पेनाने वाचायची. एकूण एक ओळ! आम्ही बाकीचे वरवर चाळतो आणि यंत्राच्या चाचण्यांवर सोडतो. ती वाचते.

आणि वाचून झालं की फोन. तिचा फोन कसा सुरू होतो ते मी झोपेतही सांगेन. “सर, माझंच चुकत असेल, पण…” या वाक्याचा अर्थ एकच, तुमचं चुकलंय.

एकदा असाच आला. “सर, माझंच चुकत असेल, पण मॉर्टिस काम झाल्यावर परवलीचा शब्द मशीनच्या स्मृतीतून पुसत नाही, असं वाटतं.”

वाटतं! दोन वर्षं ते तसंच होतं आणि मला दिसलं नव्हतं. तिने दुरुस्ती करून मला गुपचूप पाठवली. उघड नोंद केली असती तर साऱ्या जगाने बघितलं असतं. तिने केली नाही. दुरुस्तीत स्वतःचं नावही घातलं नाही. मी ती माझ्या नावाने चढवली. ओदिलने कळवलं, ‘छान पकडलंत, क्वाकु.’ मी ‘आभारी आहे’ लिहिलं. पण मेहेरबानी करायला मी सांगितलं होतं का तिला? चारचौघांत चूक काढली असती तर भांडता तरी आलं असतं.

मग गेल्या वर्षी ओदिलने तिला सुरक्षा पथकात घेतलं. पथक म्हणजे साऱ्या सिस्टीमची पाच माणसं. जगात कुठेही मोठं भोक सापडलं की ते आधी या पाचांना कळतं. सगळ्या सिस्टीमवाल्यांनी मिळून एक दिवस, एक वेळ ठरवलेली असते. तोवर दुरुस्ती तयार करायची आणि तोंडाला कुलूप. कारण आधी बोभाटा झाला तर चोर आत, दुरुस्ती बाहेर. ती खुर्ची मला हवी होती. वर्षानुवर्षं मी तिच्यासाठी थांबलो होतो. तोंडाने कधी मागितली नाही, पण अशी गोष्ट माणूस तोंडाने मागतो का?

बातमी वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात येरझाऱ्या घालत मी म्हणालो, “मी सही केली म्हणून ती आत आली! मी!”

पोकुआ केळी तळत होती. ती म्हणाली, “मास्तर, दुसऱ्या बाईच्या नावाने नवरे उसासे टाकतात म्हणून ऐकलं होतं. दात-ओठ खाणारा माझाच निघाला.”

“तुला थट्टा सुचतेय.”

“बरं, नाही करत. पण दिवसातून चारदा अफिया, अफिया. माझं नाव कधी घेतलं होतं शेवटचं?”

मी चिडून बाहेर जाऊन बसलो.

त्यानंतर मला एक खोड लागली. तिने आज काय चढवलं, कुठे कुणी तिला शाबासकी दिली, हे रोज उठून बघायचं. बायकोचा मोबाइल चोरून वाचणारा संशयी नवरा असतो ना, तसा मी झालो होतो. तिच्या कामात चूक सापडावी म्हणून मी तिची पॅकेजं वाचायला लागलो. ओळ न् ओळ, तिच्यासारखी. चूक सापडली नाही. वर शिकायला मिळालं, त्याचा आणखी राग.

आता घडलं ते सांगतो.

गुरुवारी तिचं एक पत्र आलं. कुलूपबंद. विषयाच्या जागी नुसती तीन टिंबं. असं पत्र फक्त ज्याच्या नावाने बंद केलंय त्यालाच उघडतं, तेही त्याच्या गुप्त किल्लीने. माझी किल्ली एका छोट्या कार्डावर असते, ते कॉलेजच्या कपाटात. उघडायचं म्हणजे कपाट उघडा, कार्ड यंत्रात घाला, आकडे टाका. पाच मिनिटांचं काम. पण ही बाई ईस्टरच्या शुभेच्छाही कुलूप लावून पाठवते. म्हणते, सवय मोडायला नको. मी मनात म्हटलं, आता पथकात गेल्यावर काय थाट, काय रुबाब! असेल काहीतरी, ‘सर, माझंच चुकत असेल’. राहू दे. दुपारी तास होता, संध्याकाळी दुसरा होता, आणि खरं सांगू? कपाट माझ्या पाठीमागेच होतं.

शुक्रवारी फोन. “सर, माझं पत्र मिळालं?”

“मिळालं.”

“वाचलंत?”

“हो हो, वाचलं.”

“मग… ठीक आहे ना सर? तुम्हाला चालेल?”

“चालेल की. न चालायला काय झालं?”

“बरं झालं. मला दोन दिवस झोप नव्हती. बाकी फोनवर नको.” आणि ठेवला.

कशाला होकार दिला ते मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर पत्र वाचलं नाही हे उघड झालं असतं. मी मुकाट कागद तपासायला घेतले.

शनिवारी सहकाऱ्याच्या मामाच्या अंत्यविधीला गेलो. काळं वस्त्र, लाल पट्टी, मांडवाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, भोंग्यातून कानठळ्या बसवणारं भजन. शेजारी आमचे उपप्राचार्य. वाकून कानात ओरडले, “काय अनाने, तुमची ती विद्यार्थिनी म्हणे आता जगाची कुलपं सांभाळते! पेपरात फोटो बघितला हो!”

“माझी विद्यार्थिनी नाही ती,” मी ओरडलो.

“मग तुमचं काय चाललंय सध्या? ते एक काहीतरी होतं ना तुमचं, लहानसं?”

लहानसं! भाताचं ताट तसंच ठेवून मी घरी आलो. काळे कपडेसुद्धा बदलले नाहीत. मशीन उघडलं आणि नेहमीची खोड म्हणून आमच्या सामायिक मशीनवर गेलो. तिथे प्रत्येक सभासदाची एक जागा असते, पॅकेज चढवण्याआधी करून बघायला. आत काय आहे ते बंद करता येतं, पण फोल्डरांची नावं इतर सभासदांना दिसतात. अफियाच्या जागेत एक नवं फोल्डर होतं. नाव, मॉर्टिस. तारीख गुरुवारची. आणि कुलूप घातलेलं.

डोक्यात तिडीक गेली. अकरा पॅकेजं पुरली नाहीत? आता माझ्या एकुलत्या एकावर डोळा? तेही कुलूप लावून, माझ्यापासून लपवून?

आमची एक चावडी आहे, म्हणजे मेलची यादी. तिथे लिहिलेलं जगात कुणालाही वाचता येतं, सभासद असो वा नसो. तिथे मी लिहिलं, ‘अफिया बिरागो यांनी मॉर्टिसवर, मी त्याचा सांभाळणारा असताना, मला न विचारता कुलूपबंद काम चालवलं आहे. मला दाखवता येत नाही असं त्यात काय आहे? पथकात गेलं म्हणजे दुसऱ्याच्या पॅकेजात घुसायचा परवाना मिळतो का?’ एकदा वाचलं, आवडलं, पाठवलं. वर्षभरात लागली नव्हती अशी भूक लागली. पोकुआला म्हणालो, “वाढ.”

रविवारी सकाळी प्रार्थनेला फोन बंद होता. बाहेर येऊन चालू केला तर एकशे चाळीस पत्रं.

चावडी वाचणारे सगळे सज्जन नसतात. कुणीतरी सरळ हिशेब मांडला. सुरक्षा पथकातली बाई, कुलूप लावून, मॉर्टिसवर काम करतेय, म्हणजे मॉर्टिसला भोक आहे. बाराशे ओळींत शोधायला त्यांना एक रात्र पुरली. एका ठरावीक पद्धतीने बनवलेली फाइल समोर आली की मॉर्टिस परवलीचा शब्द न विचारताच उघडत होतं. तोच तुकडा आणखी चार प्रोग्रामांत होता, दुसऱ्यांच्या सिस्टीममध्येही. सगळ्यांनी मिळून ठरवलेली वेळ होती बुधवारी दुपारी दोन. माझ्या कृपेने ती रविवारी सकाळी नऊलाच उजाडली. जगभरातली माणसं सुट्टीच्या दिवशी जेवणावरून उठून मशीनवर बसली होती आणि एकमेकांना विचारत होती, बोललं कोण?

फोन वाजला. अफिया. मी तिथेच, चर्चच्या अंगणात उभा.

“सर, तुम्ही वाचलं म्हणालात.”

एवढंच. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

“असो,” ती म्हणाली, “ते मागाहून. माझ्याकडे दुरुस्ती तयार आहे. तुमच्या सहीने चढवूया. मॉर्टिस तुमचं आहे. किती वेळात कॉलेजला पोचाल?”

“वीस मिनिटं.”

टॅक्सी करून गेलो. पहारेकऱ्याला हाका मारून फाटक उघडायला लावलं. कपाट, कार्ड, आकडे. आणि आधी ते पत्र उघडलं. गुरुवारपासून माझी वाट बघत पडलेलं.

‘सर, मॉर्टिसमध्ये भोक सापडलं आहे. बुधवारी दुपारी दोनपर्यंत कुणाला कळता कामा नये. नियमाने मला तुम्हालाही सांगता येत नव्हतं. पण पॅकेज सरांचं आहे, त्यांना न सांगता मी त्याला हात लावणार नाही, असं मी ओदिलला तीनदा कळवलं. आज परवानगी मिळाली. माझी दुरुस्ती सामायिक मशीनवर मॉर्टिस नावाच्या फोल्डरात आहे, त्याची किल्ली सोबत जोडली आहे. तुम्ही बघा आणि माझं चुकलं असेल तिथे सांगा. बुधवारी तुमच्याच सहीने चढू दे. माझं नाव घालायची गरज नाही. आईने तुमच्या खिळखिळ्या दारासाठी जुन्या मापाचे स्क्रू काढून ठेवले आहेत, येताना आणते.’

मी खुर्चीत बसून राहिलो. लाज वाटली म्हणणं सोपं आहे. खरं सांगतो, पहिल्यांदा राग आला. एवढं चांगलं असायची गरज काय असते माणसाला?

दुरुस्ती बघितली. तिचं कुठे चुकलं नव्हतं. सही केली आणि चढवली. दुपारी एकच्या आत मॉर्टिस दुरुस्त. बाकीच्या सिस्टीमवाल्यांना संध्याकाळ झाली. चावडीवर लोकांनी लिहिलं, ‘क्वाकु, कमाल वेगाने केलंत.’ मी मिठाची गुळणी धरून बसलो.

सोमवारी ओदिलने उघड विचारलं, बोभाटा कसा झाला? परवानगी घेऊन गुपित कळलेला माणूस ते मुदतीआधी फोडतो तेव्हा त्याची किल्ली रद्द होते. हा आमचा नियम, त्यात दयामाया नाही. मी उत्तर जुळवत होतो. तोवर अफियाचं आलं.

‘चूक माझी आहे. सामायिक मशीनवर फोल्डरचं नाव मी उघडं ठेवलं. क्वाकु अनाने यांना काहीच माहीत नव्हतं. परवानगी मिळूनही मी त्यांना वेळेत कळवलं नाही. त्यांनी जे लिहिलं ते कुठल्याही सांभाळणाऱ्याने लिहिलं असतं. मी पथकातून बाहेर पडते.’

फोल्डरचं नाव उघडं ठेवलं, हे खरं. कळवलं नाही, हे धादांत खोटं. ही बाई शाळेत मुलींना खोटं बोलल्याबद्दल वर्गाबाहेर उभं करते, हे मला माहीत आहे.

मी फोन केला. “हे काय लिहिलंस?”

“सर, तुमची किल्ली गेली असती. अकरा वर्षांची.”

“आणि तुझी खुर्ची?”

“खुर्ची काय, दुसरं कुणी बसेल. तास आहे सर, ठेवते.”

मंगळवारी संध्याकाळी ओदिलचं पत्र आलं, मला एकट्याला, कुलूपबंद. या वेळी मी लगेच कॉलेजला जाऊन उघडलं, एवढी अक्कल आली होती. ‘पथकात एक जागा रिकामी झाली आहे. रविवारचा तुमचा वेग आम्ही पाहिला. अफियानेच तुमचं नाव सुचवलं. याल का? बुधवारपर्यंत कळवा.’

अकरा वर्षं ज्या खुर्चीकडे टक लावून बसलो, ती आपल्या पायांनी चालत माझ्या दारात आली होती. नुसतं ‘होय’ लिहायचं. पत्र कागदावर उतरवून मी घरी घेऊन आलो, पोकुआपुढे ठेवलं. तिने हात पुसून वाचलं, दोनदा.

“मग आता शांत झोपाल ना?” ती म्हणाली.

“तिनेच नाव सुचवलंय.”

“दिसतंय मला.”

“अगं, समजतंय का तुला? गुन्हा माझा. तो तिने स्वतःच्या अंगावर घेतला. जागा सोडली. आणि जाता जाता ती मला देऊन गेली! दान! मी तिथे जाऊन बसायचं, आणि रोज सकाळी उठून आठवायचं की ही खुर्ची अफिया बिरागोची भीक आहे?”

“मग लिहा नाही म्हणून.”

“नाही म्हटलं तरी मोठी तीच! गुन्हा तर तिच्याच नावावर राहतो. सोसलं तिने, मी आपला निर्दोष. म्हणजे काम करण्यात तिने मला हरवलं, आता चुका करण्यातही तीच पुढे?”

पोकुआने कागद घडी करून माझ्या हातात दिला. “मास्तर,” ती म्हणाली, “देव तुम्हाला सरळ रस्त्याने कुठेच पोचवत नाही बघा.”

बुधवारी दुपारी दोन वाजता, मूळ ठरलेल्या वेळीच, मी चावडीवर लिहिलं. ‘अफिया बिरागो यांनी मला गुरुवारी रीतसर पत्राने सगळं कळवलं होतं. मी ते उघडलं नाही. शुक्रवारी त्यांनी विचारलं तेव्हा वाचलं म्हणून खोटं सांगितलं. शनिवारी त्यांच्या जागेत डोकावलो आणि इथे येऊन बडबडलो. सोमवारी त्यांनी मला वाचवण्यासाठी जे लिहिलं ते खरं नाही. दोष माझा आहे आणि तो मला परत हवा आहे.’

वाचणाऱ्यांना वाटलं, काय हा प्रामाणिकपणा. संध्याकाळपर्यंत तेहेतीस पत्रं आली, ‘धीर लागतो’ वगैरे. अफियाच्या सोमवारच्या कबुलीला एकोणीस आली होती. हो, मोजली मी. माझा स्वभाव एका दुपारीत धुऊन निघालेला नाही.

निकाल लागायला आठवडा लागला. मला कळवायची परवानगी मिळाली असली तरी मी पत्रच उघडलं नव्हतं, म्हणून माझी किल्ली रद्द न करता वर्षभर बंद ठेवायची. मॉर्टिस दुसऱ्या कुणी घ्यायचं. अफियाने मला वाचवायला खोटं लिहिलं म्हणून तिला चार शब्द सुनावले, आणि तिने पथकात परत यावं म्हणून पथकातल्या उरलेल्या चौघांनी तिची विनवणी केली. ती आली. मॉर्टिसही तिनेच घेतलं. दुसरं कोण घेणार होतं?

पुढच्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीत ती कॉलेजला आली. हातात केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेल्या माशाची पुडी, बरोबर लाल मिरचीचा ठेचा. टेबलावर कागद पसरून आम्ही जेवलो. मॉर्टिसच्या सगळ्या खाचाखोचा मी तिला सांगितल्या, कुठली चाचणी रुसते, मूळ लेखकाला कसं लिहिलं की तो उत्तर देतो. ती लाल पेनाने टिपून घेत होती. अर्ध्याहून जास्त तिला आधीच माहीत होतं. तरी टिपून घेत होती.

“सर, सही तुमची वर्षभर चालत नाही,” ती म्हणाली, “पण नाव चालतं. सांभाळणाऱ्यांत दुसऱ्या ओळीवर घातलंय.”

“मला विचारलंस?”

“पत्र पाठवलं होतं. उघडलं नसेल तुम्ही.”

मी दचकून वर बघितलं. ती हसत होती. सात वर्षांत तिने माझी पहिल्यांदा थट्टा केली. मलाही हसू आलं, पण ‘दुसऱ्या ओळीवर’ हे शब्द घशात माशाच्या काट्यासारखे अडकलेच. अजूनही रोज उघडून बघतो. वर तिचं नाव, खाली माझं.

तिने हात पुसले, कागद गोळा केले, उठली. दारापर्यंत जाऊन थांबली. माझ्याकडे न बघता कपाटाकडे बघत राहिली.

“सर, एक विचारू? ते गुरुवारचं पत्र का नाही उघडलंत?”

पंचवीस उत्तरं तयार होती. तास होते, कार्ड कपाटात होतं, ईस्टरच्या शुभेच्छा असतील वाटलं.

“तुझं होतं म्हणून,” मी म्हणालो.

कागद दुसऱ्या हातात घेऊन तिने दाराची कडी काढली.

“मला वाटलं होतं, कार्ड बिघडलं असेल,” ती म्हणाली, आणि दार हळूच ओढून घेऊन गेली.